होडी दुसऱ्या दिवशी मिळते : शहागडजवळचं पॅकराफ्टिंग शिबिर

शिबिराचे पैसे भरायच्या आधी माझ्या भाचीनं फोनवर एकच प्रश्न विचारला, होडी हातात कधी देणार? उत्तर आलं, दुसऱ्या दिवशी, सकाळी दहानंतर. ती हिरमुसली. माणशी ४,८०० रुपये घेऊन पहिला अख्खा दिवस हे लोक करणार काय, असं मलाही वाटलं. दोन दिवस राहून आल्यावर सांगते, ते पैसे पहिल्या दिवसाचेच होते.

मी अंबड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेपासून गोदावरी पायी वीस मिनिटांवर आहे. सहा वर्षांपूर्वी आमचा सहावीतला एक मुलगा नदीत बुडून गेला. त्याला पोहता येत होतं. चुलत्यानं पाठीला डबा बांधून विहिरीत शिकवलं होतं. आदल्या आठवड्यात जिथं गुडघाभर पाणी होतं, तिथं वाळू उपसून खड्डा झालेला, आणि काठाची वाळू पायाखालून ढासळली. काठावर त्याचे दोन मित्र उभे होते. त्यांच्यापाशी दोर नव्हता. असता तरी तो कसा टाकायचा हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्या कुणीमध्ये मीही आले. शिबिराला मी त्यासाठी गेले. भाची गेली होडीसाठी.

ज्यांनी पॅकराफ्ट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही एका माणसाची, हवा भरून फुगवायची होडी. नायलॉनच्या कापडावर टीपीयू नावाच्या लवचीक प्लास्टिकचा लेप असतो. आम्हाला दिलेल्या होड्या ३ किलो २०० ग्रॅमच्या होत्या, घडी केली की पाठीवरच्या पिशवीत जातात. वल्ह्याचेही चार तुकडे होतात. या शतकाच्या सुरुवातीला अलास्कात शेरी टिंगी नावाच्या बाईंनी डोंगरदऱ्यांत भटकणाऱ्या आपल्या मुलासाठी अशी होडी शिवली आणि तिथून हा प्रकार वाढला. आईनं मुलाच्या काळजीपोटी केलेली वस्तू आहे, हे मला फार आवडलं. आपल्याकडे गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची लेकरं जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत जात होती. २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली. होडी ही आपल्याकडे निव्वळ हौसेची गोष्ट नाही.

शिकवणारे दोघं. एक सर, पहाडातल्या नद्यांवर शिकून आलेले. दुसरे दादा, पैठणकडचे, तीन पिढ्या मासेमारी करणाऱ्या घरातले. सर सांगायचे ते नीट, क्रमानं. पण पाणी कळायचं ते दादांच्या बोलण्यातून.

पहिल्या सकाळी नदीकडे नेलंच नाही. एका शेतकऱ्याच्या शेततळ्यावर नेलं. मागेल त्याला शेततळं मिळायला लागल्यापासून ही तळी गावोगाव झाली. आत काळं प्लास्टिक अंथरलेलं, काठ तिरके. पाण्याची पातळी खाली गेली की त्या ओल्या प्लास्टिकवरून चांगला पोहणाराही वर येऊ शकत नाही. दादांनी भाचीला लाइफ जॅकेट घालून आत सोडलं आणि म्हणाले, "ये आता वर." अठरा वर्षांची, कबड्डी खेळणारी पोरगी. चार वेळा निम्म्यापर्यंत आली आणि चारही वेळा घसरून परत पाण्यात. पाचव्या वेळी तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मग दादांनी कोपऱ्यातल्या लोखंडी खुंटीला बांधलेला, हात-हात अंतरावर गाठी मारलेला दोर खाली सोडला. दोन मिनिटांत ती वर. एवढाच धडा. दोर कायम बांधून ठेवायचा, चारही कोपऱ्यांना, आणि खाली पाण्यात पोचेल एवढा लांब. ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांनी शिबिराला जायचं की नाही ते नंतर ठरवावं, हा दोर आज बांधावा.

जॅकेट घालायलाही शिकावं लागतं. पट्टे आवळल्यावर दुसऱ्यानं खांद्याला धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ढिलं आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाणार. आमची जॅकेटं ५० न्यूटनची होती, म्हणजे साधारण ५ किलोचा उचल देणारी. ती पोहता येणाऱ्या, शुद्धीवर असलेल्या माणसासाठी. बेशुद्ध माणसाला उताण्याचं पालथं होऊ न देण्याची किंवा पालथ्याचं उताणं करण्याची हमी ती देत नाहीत. सरांनी हे स्पष्ट सांगितलं, ते बरं केलं. आपल्याकडे जॅकेट घातलं की काही होत नाही असं समजून लोक पुरात उतरतात.

मग फेकदोरी. तिला ते थ्रो बॅग म्हणतात. पिशवीत १८ मीटर दोर सैल भरलेला, एक टोक आपल्या हातात, पिशवी फेकायची. मी आत्तापर्यंत समजत होते की दोर म्हणजे दोर. दादांनी बादलीत दोन तुकडे टाकले. घरच्या नायलॉनच्या कासऱ्याचा तुकडा बुडाला, पॉलिप्रोपिलीनचा तरंगला. बुडणाऱ्या माणसाला बुडालेला दोर दिसत नाही आणि पायात अडकतो. पिशवी माणसावर नेम धरून मारायची नाही, त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकायची म्हणजे दोर खांद्यावर पडतो. आधी हाक मारायची, त्यानं आपल्याकडे पाहिलं की टाकायची. टाकल्याबरोबर खाली बसायचं, टाचा रोवायच्या. उभं राहिलं तर आपणच ओढले जातो. आणि दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. मी एकवीस वेळा टाकली. पहिल्या आठ-दहा वेळा कुठंही पडली, शेवटच्या पाचांतल्या चार नेमक्या पडल्या. दोर नसेल तर तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा, आत ओंजळभर पाणी घालून झाकण घट्ट लावून फेकला तरी चालतो. थोड्या पाण्यानं तो लांब जातो, आणि माणसाला धरायला पुरतो. काठ जवळ असेल तर साडी, धोतर, तुऱ्हाटी, काहीही. आपण उडी मारणं सगळ्यात शेवटी. वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही जातो, हे आपल्या भागात दरवर्षी वाचतो आपण.

दुपारी जेवणानंतर कापडी बाहुलीवर छाती दाबायला शिकवलं. इथं माझी एक जुनी समजूत गेली. बाहेर काढलेल्या माणसाला पालथं घालून पोट दाबायचं, कुणी तर उलटं धरून फिरवतात, हे मी लहानपणापासून पाहत आले. त्यात वेळ जातो आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. बुडालेल्या माणसाला आधी हवा हवी असते. श्वास चालत नसेल तर नाक दाबून तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीच्या मधोमध ३० दाब, पुन्हा २ श्वास, आणि हे थांबवायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी तोपर्यंत १०८ ला फोन करायचा. दमायला होतं. दोन मिनिटांत माझे हात भरून आले, म्हणून माणसं बदलत राहायची. मी सहा वर्षं मागं गेले त्या वेळी, आणि थोडा वेळ बाजूला जाऊन बसले. सरांनी काही विचारलं नाही. भाची पाण्याची बाटली घेऊन आली.

संध्याकाळी जे दाखवलं, त्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

एका ओढ्यावर सिमेंटचा बंधारा आहे, पुरुषभर उंचीचा. वरून पाणी सारखं, पडद्यासारखं पडत होतं. आमची शाळेतली पोरं असल्याच पडद्याखाली बसून आंघोळी करतात. दादांनी रिकामा निळा कॅन वरच्या बाजूनं सोडला. तो पडला, आत गेला, चार हातांवर वर आला. आता खाली वाहत जाईल असं आम्ही बघतोय, तर तो उलटा भिंतीकडे निघाला. पुन्हा पडद्याखाली, पुन्हा खोल, पुन्हा वर, पुन्हा भिंतीकडे. मी घड्याळ लावलं. सात मिनिटं तो कॅन तिथंच फिरत होता. शेवटी दोरानं ओढून काढला.

"मॅडम, ह्याच्यात पोहणारा, न पोहणारा सगळे सारखेच," दादा म्हणाले. "पाणी कुणालाच सोडत नाही."

कारण सरांनी सांगितलं. सरळ रेषेत पडणारं पाणी तळाला जातं आणि वरच्या थरातलं पाणी पोकळी भरायला भिंतीकडे मागं धावतं. फेसात हवा मिसळलेली असते, त्यामुळे त्यात माणूस नेहमीसारखा तरंगतही नाही. नदीतल्या धबधब्याला खडक वेडावाकडा असतो, कुठून तरी पाण्याला फट मिळते. माणसानं बांधलेली भिंत या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, फट कुठंच नाही. आणि होडीतून येताना बंधारा दिसत नाही. नदीवर फक्त एक आडवी रेघ दिसते, पलीकडचं पाणी गायब झाल्यासारखं. ती रेघ दिसली की काठाला लागायचं, होडी खांद्यावर घ्यायची आणि चालत खाली जायचं. तीन किलोची होडी इथं खरी कामाला येते.

पैठणच्या खाली मोजा. आपेगाव, हिरडपुरी, मग जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी. नदीवरचे हे मोठे, दारांचे बंधारे. ओढ्या-नाल्यांवरचे कोल्हापुरी आणि सिमेंटचे तर गावागणिक. पाणी अडवणं आपल्याला हवंच आहे, दुष्काळी भागात राहणाऱ्या बाईनं त्याविरुद्ध बोलू नये. पण आपल्याकडे पाण्याचा धोका म्हटलं की पूर आठवतो. हिवाळ्यातला, ऊन पडलेला, छान आवाज करणारा बंधारा कुणालाच आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी होडी मिळाली. निघण्याआधी सरांनी पैठणच्या पूर नियंत्रण कक्षाला फोन लावून धरणातून पाणी सोडणार आहेत का ते विचारलं, आणि आम्हा सगळ्यांना स्पीकरवर ऐकवलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. दहा हजार क्युसेक सोडले म्हणजे दर सेकंदाला २ लाख ८० हजार लिटर पाणी, टँकरच्या हिशेबानं २८ मोठे टँकर. दर सेकंदाला. आकडा बातमीत रोज वाचत होते, अर्थ त्या दिवशी कळला. २०२५ च्या सप्टेंबरातला पूर पाहिलेल्या माणसाला हा फोन फालतू वाटणार नाही.

होडी फुगवायला पंप लागत नाही. पातळ कापडाची एक मोठी पिशवी असते. ती हवेत झेलून तोंड आवळायचं आणि आतली हवा होडीत दाबायची. बारा-तेरा पिशव्यांत होडी उभी राहते, शेवटची कसर तोंडानं फुंकून. पाण्यात टाकली की आतली हवा गार होऊन होडी थोडी मऊ पडते, ती गळती नव्हे. पुन्हा फुंकायचं. याच्या उलट आपलं ऊन. दुपारी काठावर ओढून ठेवली तर हवा तापून शिवणी ताणतात, म्हणून झडप सैल करून ठेवायची किंवा सावलीत न्यायची. परदेशी माणसाला थंडीची काळजी, आपल्याला या उन्हाची आणि वेड्या बाभळीची. काठावर बाभळीचा काटा नाही अशी जागा शोधूनच होडी टेकवायची. आमच्यातल्या एकानं टेकवली नाही बघून, आणि अर्धा तास तिथं गेला.

बसल्यावर पहिल्यांदा होडी गोल फिरते. बूड सपाट असतं, जरा वल्हं मारलं की तोंड वळतं. जोरानं मारण्यापेक्षा बारीक बारीक, दोन्ही बाजूंनी सारखं मारलं की सरळ चालते. वाहतं पाणी ओलांडायचं तर तोंड थोडं वरच्या बाजूला, प्रवाहाकडे ठेवून तिरकं जायचं. पाणीच पलीकडे नेतं. आमच्या नावाड्यांना हे शिकवावं लागत नाही, दादा म्हणाले, पण होडीत बसणाऱ्या पाहुण्यांना कधी कुणी सांगितलं नाही. खडकामागं पाणी थांबलेलं असतं, त्याला एडी म्हणतात. तिथं शिरून दम खायचा. हे जमलं तेव्हा भाची ओरडली, "आत्या, मी थांबले! नदी चाललीय आणि मी थांबलेय!"

मग मुद्दाम उलटवलं. वाहत जाताना उताणं व्हायचं, पाय पुढं, पायांची बोटं पाण्याबाहेर. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर उभं राहायचं नाही. पाय दगडांच्या फटीत अडकला की पाणी पाठीवर येतं आणि डोकं खाली दाबतं. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा जोर चौपट होतो, म्हणून "एवढ्याशा पाण्यात काय होतंय" हा हिशेब चुकतो. होडीत परत चढणं मला सहाव्या प्रयत्नात जमलं. आधी पाय मारत शरीर पाण्यावर आडवं आणायचं, मग पोटावर सरकायचं, मग वळून बसायचं. सरळ वर चढायला गेलं की होडी अंगावर येते. माझं वय सत्तेचाळीस आहे. जमतं.

पुलाच्या खांबांपासून लांब ठेवून नेलं, खांबाला पुरातल्या बाभळी अडकलेल्या होत्या. झाडातून पाणी जातं, माणूस जात नाही. होडी आडवी होऊन खांबावर गेलीच तर अंग खांबाकडे झुकवायचं, मन उलटं सांगत असतं. एके ठिकाणी पांढऱ्या बाटल्यांची रांग तरंगत होती. ती कुणाची तरी जाळी. दादांनी सगळ्यांना वळसा घालायला लावला आणि काठावरच्या म्हाताऱ्या मासेमाराला हात करून, किती मिळालं ते विचारून मगच पुढं निघाले.

आता तक्रारी, त्या सांगायलाच हव्यात. बायकांच्या मापाची जॅकेटं फक्त दोन होती आणि आम्ही पाच जणी. एकीला मोठं जॅकेट आवळून दिलं, ते कान-परीक्षेत नापास होतं, तरी तिला पाण्यात घेतलं. काठाजवळच ठेवलं हे खरं, पण आदल्या दिवशी जे शिकवलं तेच दुसऱ्या दिवशी मोडू नये. कपडे बदलायला एक ताडपत्री लावलेली, वाऱ्यानं उडणारी. एका होडीची हवा हळूहळू जात होती. तिला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावलेलं, ते टीपीयूवर टिकत नाही. त्याला युरेथेनचा गोंद लागतो, जागा स्पिरिटनं पुसून घ्यावी लागते. हे सरांना माहीत होतं, त्यांनीच सांगितलं, मग होडी आणली कशाला? माहितीचं पुस्तक इंग्रजीत दिलं. आलेल्या चौदा जणांत ते सहज वाचणारे तिघं-चौघं असतील. मी मराठी करून द्यायचं कबूल केलं आहे, निम्मं झालंय.

तक्रारी मी तिथंच सांगितल्या. जॅकेटांचं मान्य केलं, पुढच्या तुकडीआधी घेऊ म्हणाले. घेतली का, हे जाणाऱ्यानं आधी फोन करून विचारावं. पोहता येत नसलेल्यांना घेतात, पण दुसऱ्या दिवशी त्यांना संथ पाण्यातच ठेवतात. ते बरोबर आहे, त्यावर भांडू नये. धरण भरलेलं असेल त्या वर्षी दिवाळीनंतर महिनाभरात जावं, तेव्हा पाणी निवळ आणि बेताचं असतं. अंगात पंजाबी किंवा साडी नको, ओढणी तर अजिबात नको. अंगाबरोबरचे कपडे आणि पायात घट्ट बसणारे बूट न्यावेत. चपला पहिल्याच ओढ्यात जातात.

स्वतःची होडी घ्यावी का, असं भाची रोज विचारते. मी तिला सांगितलं, आधी मापाचं जॅकेट, मग दोर, मग बरोबर येणारी अजून दोन माणसं. होडी चौथी. शिबिराला पाचपैकी चार गुण देते. एक गुण जॅकेटांसाठी राखून ठेवला आहे.

येताना जालन्यात थांबून पॉलिप्रोपिलीनचा ४० मीटर दोर घेतला, खताच्या रिकाम्या गोण्यांच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या. शाळेतल्या दप्तराविना 'आनंददायी शनिवारी' मैदानावर चुन्यानं दोन रेघा मारतो, त्यांच्यामधली नदी. एक लेकरू नदीत, एक काठावर. आधी हाक, मग दोर, मग खाली बसणं. गेल्या शनिवारी एकतीस मुलं होती. सहावीतल्या एका मुलीनं पहिल्याच फेकीत दोर मैत्रिणीच्या खांद्यावर टाकला, पण बसायची विसरली. पुढच्या शनिवारी तिची पाळी पहिली.